नौदलाची प्रशिक्षण-सज्जता मोजताना सरासरी का चालत नाही

प्रश्न नागपूरच्याच एका विद्यार्थ्याचा आहे, म्हणून जरा बैठक मारून लिहितो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संख्याशास्त्रात एम.एस्सी. चालू आहे आणि प्रकल्पासाठी नौदलाच्या प्रशिक्षण-सज्जतेचा निर्देशांक बनवायचा आहे. समुद्रावर काढलेले दिवस, पार पडलेले सराव आणि कोर्स केलेल्या माणसांची टक्केवारी, या तिन्हींची भारित सरासरी काढून प्रत्येक जहाजाला शंभरपैकी गुण द्यायचे. मग सगळ्या जहाजांची सरासरी म्हणजे ताफ्याची सज्जता. हे चालेल का? नसेल तर प्रत्यक्षात मोजतात कसं?

मी सव्वीस वर्षं नौदलात काढली. त्यातली शेवटची काही कोचीला, जहाजांची समुद्रावर परीक्षा घेणाऱ्या चमूत. आता प्रतापनगरला राहतो, आणि जवळचा समुद्र गाठायचा तर रात्रभराची गाडी. एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या नौदलाच्या रिटर्नमध्ये (जहाजाने वर पाठवायच्या ठरावीक अहवालात) कुठले रकाने असतात, कुणाला किती गुण मिळतात, यातलं काही इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीही कुणाला विचारत फिरू नका. अमेरिकेचं मात्र बरंच काही उघड आहे. तिथल्या चुकाही उघड आहेत, आणि आपल्याला शिकायला त्याच जास्त उपयोगाच्या.

तुम्ही सूत्र विचारलंत. मी उलट विचारतो, तो आकडा वाचून कोण काय ठरवणार आहे? ताफ्याच्या प्रमुखाला जहाजांची गुणवत्ता यादी लावायची नसते. त्याला एवढंच कळायला हवं असतं की हे जहाज शनिवारी अमुक कामावर पाठवलं तर ते कुठे अडकेल. तुमच्या सूत्रातून हे उत्तर निघत नाही.

समजा एका जहाजाला नौकानयनात ९५, तोफखान्यात ९०, संदेशवहनात ९२ आणि डॅमेज कंट्रोलमध्ये, म्हणजे आग विझवणं आणि आत शिरलेलं पाणी थोपवणं यात, ४३ गुण आहेत. सरासरी बरोब्बर ८०. कागदावर जहाज पहिल्या वर्गात पास, आणि इंजिनरूममध्ये आग लागली की संपलं. तोफखान्यातले ९० गुण धुरात काही कामाचे नाहीत. नागपूरच्या वर्षभराच्या सरासरी तापमानावरून कूलर घ्यायचा की नाही हे ठरवलं तर मे महिन्यात काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून अमेरिकी पद्धतीत कित्येक वर्षं सरासरीऐवजी सगळ्यात वाईट रकाना धरला गेला. माणसं, सामान आणि पुरवठा, यंत्रांची स्थिती, प्रशिक्षण असे चार रकाने. एकंदर श्रेणी सी-१ (सर्वांत सज्ज) पासून सी-४ पर्यंत, आणि ती चौघांतल्या सर्वात कमकुवत रकान्यावरून ठरते. त्यावर कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या विवेकाने श्रेणी वर किंवा खाली नेऊ शकतो, फक्त कारण लिहावं लागतं. ही सोय मला आवडते. आकड्यात न मावणारं बरंच काही कॅप्टनला दिसत असतं. पण काढलेला आकडा आणि कॅप्टनचं मत दोन वेगळ्या ओळींत राहिले पाहिजेत. एकात एक मिसळले की वाचणाऱ्याला मोजलेलं कुठलं आणि मानलेलं कुठलं हेच कळत नाही.

सरासरीपेक्षाही मोठी अडचण दुसरी आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. सज्जता जहाजाची नसते, त्या दिवशी त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसांच्या टोळीची असते.

एका जहाजाचा वर्क-अप चालू होता. नाव घेत नाही. वर्क-अप म्हणजे रिफिट, म्हणजे मोठी दुरुस्ती, संपवून किंवा बरीच माणसं बदलून आलेलं जहाज बाहेरची टीम काही आठवडे पिळून काढते ते. पहिल्या दिवशी मागच्या मशिनरी कंपार्टमेंटमध्ये आग लागल्याचं दाखवलं. स्पीकरवर ‘फायर, फायर, फायर’चा पाईप, म्हणजे घोषणा, झाला. दोन जवानांनी बीए सेट (धुरात श्वास घ्यायची हवेची टाकी आणि मुखवटा) चढवले, तिसऱ्याने हॅच उघडण्याआधी हाताची उलटी बाजू पत्र्याजवळ नेऊन उष्णता पाहिली, मागून होज सरकली, पाणी चालू. माझ्या घड्याळात चार मिनिटांच्या आत. डॅमेज कंट्रोलच्या मुख्यालयातला स्टेट बोर्डही (कुठे काय स्थिती आहे ते लिहायचा फळा) बरोबर भरलेला, ग्रीज पेन्सिलने, सुवाच्य अक्षरात. मी मनात म्हटलं, टोळी चांगली आहे.

पण एक गोष्ट खटकली. सगळ्या हुकमांच्या मागे एकाच चीफचा, म्हणजे जुन्या अनुभवी नौसैनिकाचा, आवाज होता. दुसऱ्या दिवशी तोच सराव, तोच कंपार्टमेंट. फक्त पाईप झाल्याबरोबर मी त्या चीफच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘तू जखमी आहेस, इथेच बस, तोंड उघडायचं नाही.’ पुढे जे झालं ते बघवत नव्हतं. होज दोन जोडायच्या ऐवजी एकच जोडली, ती पोहोचेना. बीए सेट घातलेला पोरगा मुखवट्याच्या आतून काहीतरी ओरडतोय, कुणाला समजत नाही. त्याची हवा संपत चालली आहे याची नोंद ठेवणारं पाटीजवळ कुणी उभंच नाही, कारण ते काम रोज चीफ करायचा. अकरा मिनिटं झाली तेव्हा मी सराव थांबवला. चीफ बाजूला बसून दोन्ही हातांनी डोकं धरून बघत होता.

आता सांगा, त्या जहाजाला गुण किती द्यायचे? कोर्स सगळ्यांचे झालेले. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळावरच्या एनबीसीडी (अण्वस्त्र, जैविक, रासायनिक हल्ल्यापासून बचाव आणि डॅमेज कंट्रोल) स्कूलमध्ये खऱ्या धुरात, खऱ्या पाण्यात शिकून आलेली पोरं होती. तुमच्या तिसऱ्या रकान्यात १०० टक्के. सराव पार पडला म्हणून दुसऱ्या रकान्यातही खूण. आणि दोन महिन्यांनी चीफची बदली झाली की हे दोन्ही आकडे जागचे हलणार नाहीत, पण जहाजाची आग विझवायची ताकद अर्ध्यावर येईल.

म्हणून माझा पहिला सल्ला: प्रत्येक प्रमाणपत्राला दोन गोष्टी जोडा. एक, ते ज्या टोळीला मिळालं त्यातले किती जण आज जहाजावर आहेत. दोन, ते कधी मिळालं. आठ जणांच्या टोळीतले तीन बदलले असतील तर ते प्रमाणपत्र तुमच्या गणितात जुनं धरा, त्यावरची तारीख काहीही असो. आणि त्या तिघांत टोळीप्रमुख असेल तर सरळ शून्य धरून पुन्हा परीक्षा. किती बदलले म्हणजे जुनं, हा उंबरठा जहाजागणिक बदलतो. छोट्या गस्ती नौकेवर एक माणूस तीन कामं करतो, तिथे एकाच्या जाण्याने तीन टोळ्या मोडतात. पाणबुडीचं तर वेगळंच शास्त्र आहे, त्यात मी शिरत नाही.

दुसरं म्हणजे मुदत. कौशल्यं एका गतीने विरत नाहीत. गाठी मारणं, दिव्यांचे संकेत ओळखणं ही कामं हाताला लागलेली राहतात. अनेक माणसांनी एकमेकांच्या वेळा सांभाळून करायची कामं, म्हणजे पाणबुडी शोधणं, हवाई हल्ल्याचा माग काढून शस्त्र सोडणं, हे महिन्या-दोन महिन्यांत गंजतं. म्हणून प्रत्येक सरावाला स्वतःची मुदत लागते. सगळ्यांना सरसकट वर्षभराची मुदत लावली तर निम्म्या गोष्टी उगाच पुन्हा कराल आणि उरलेल्यांत झोपून राहाल.

मुदतीकडे दुर्लक्ष केलं की काय होतं याचं उघड उदाहरण २०१७ सालचं आहे. १७ जूनला जपानजवळ अमेरिकेच्या फिट्झजेराल्ड या विनाशिकेची एका कंटेनर जहाजाशी टक्कर झाली, ७ खलाशी गेले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ जॉन एस. मॅक्केन या विनाशिकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर, १० गेले. सप्टेंबरात तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने संसदेपुढे आकडा ठेवला: जपानमध्ये तळ असलेल्या क्रूझर आणि विनाशिकांच्या खलाशांची ३७ टक्के युद्धविषयक प्रमाणपत्रं जूनमध्ये मुदतबाह्य होती, आणि त्यातली दोन-तृतीयांशांहून जास्त पाच महिने किंवा अधिक काळ. ही गोष्ट लपलेली नव्हती. मुदत संपली की धोका कमी करण्याच्या उपायांचा कागद जोडायचा आणि मुदत वाढवून घ्यायची, अशी वहिवाट पडली होती. कागद नियमात बसत होता. टकरींची कारणं अर्थात एवढीच नव्हती. मॅक्केनवर सुकाणू आणि वेगाचं नियंत्रण वेगळ्या कन्सोलांवर, म्हणजे नियंत्रणाच्या मेजांवर, विभागायला गेले आणि सुकाणूचं नियंत्रणच चुकून दुसऱ्या कन्सोलकडे गेलं. सुकाणूवरचा खलाशी म्हणतोय सुकाणू निकामी झालं, आणि खरं तर ते शेजारच्याच्या हातात होतं. त्या वेळी ब्रिजवर (जहाज चालवायच्या कक्षात) अँटिटम नावाच्या क्रूझरवरून तात्पुरती आलेली माणसंही होती, आणि त्यांच्या जहाजावरची यंत्रणा वेगळी होती. माणूस शिकलेला, पण दुसऱ्या यंत्रावर. तुमच्या तिसऱ्या रकान्यात हा फरक कुठे दिसेल?

आता समुद्रावरचे दिवस. हा आकडा मिळायला सोपा, म्हणून सगळ्यांना प्रिय. पण तो खर्चाचा आकडा आहे, कमाईचा नाही. वाचनालयात किती तास बसलात यावरून पेपरचे गुण देण्यासारखं. कधी कधी तर तो उलटाच चालतो. जहाज तीन महिने गस्तीवर आहे, दिवस भरपूर साठतायत, पण गस्तीत समोर सरावाला पाणबुडी नाही, गोळीबाराचं लक्ष्य नाही, आणि पहारे चालवून दमलेल्या माणसांना वेगळे सराव करायला वेळ नाही. जपानमधल्या त्या अमेरिकी जहाजांचं नेमकं हेच झालं होतं. मोहिमांचा ताण इतका की वेळापत्रकात निव्वळ प्रशिक्षणासाठी राखलेला काळच उरला नव्हता, आणि लेखापरीक्षकांनी याचा इशारा २०१५ मध्येच दिला होता. समुद्रावरचे दिवस घ्यायचेच असतील तर त्यातले प्रशिक्षणासाठी राखलेले दिवस वेगळे काढा. तेवढेच मोजा.

सराव कुणी पाहिला, हाही रकाना हवा. स्वतःच घेतलेला सराव आणि बाहेरच्यांनी घेतलेला सराव यांना एकच वजन देऊ नका. ब्रिटिशांनी १९५८ मध्ये पोर्टलंडला यासाठी वेगळा अधिकारी नेमला, फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंग. त्यांच्याकडे दर गुरुवारी एक मोठा युद्धसराव व्हायचा, त्याला ‘थर्सडे वॉर’ म्हणतात. आपल्याकडे याच नावाच्या अधिकाऱ्याची संघटना कोचीला आहे, दक्षिण नौदल कमांडखाली, आणि तटरक्षक दलाची जहाजंही तिच्या हाताखालून जातात. परीक्षक बाहेरचा असण्याचा फायदा कडकपणा हा नाही. घरचा परीक्षकही कडक असतो. पण चीफला ‘जखमी’ करायचं घरच्याला सुचत नाही, कारण चीफ नसेल तर ही कल्पनाच त्याला सहन होत नाही.

कठोर सरावाचा उपयोग विचाराल तर १४ एप्रिल १९८८. इराणच्या आखातात सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही अमेरिकी फ्रिगेट पाणसुरुंगावर आदळली. तळाला साडेचार मीटरच्या आसपास भगदाड, इंजिनरूममध्ये पाणी, जोडीला आग. खलाशी तासन्‌तास झगडले, तडे गेलेला वरचा भाग पोलादी दोरांनी आवळून बांधला, आणि जहाज तरलं. एकही माणूस गेला नाही. डॅमेज कंट्रोलमध्ये ते जहाज आधीपासून नावाजलेलं होतं. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण जानेवारी २०२४ चं. एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या नाफ्था वाहणाऱ्या टँकरवर क्षेपणास्त्र पडलं. त्यावर बहुतेक खलाशी भारतीय. आयएनएस विशाखापट्टणमने एनबीसीडीचे दहा जण आगीशी झुंजायला त्या जहाजावर पाठवले आणि सहा तासांत आग आटोक्यात आली. परक्या जहाजावर, परकं पाईपिंग, पोटात नाफ्था. असं काम कुठल्याही रिटर्नच्या रकान्यात आधी लिहिलेलं नसतं. पण बीए सेटची हवा मोजणारा माणूस पाटीजवळ उभा आहे की नाही, हे त्या दिवशी नक्कीच कामाला येतं.

इथवरचं एका ओळीत: गुण जहाजाला देऊ नका, कामाला द्या, आणि प्रत्येक गुणाबरोबर टोळी, तारीख आणि परीक्षक लिहा.

आता अहवालाबद्दल, कारण मोजणं बरोबर झालं तरी पुष्कळदा तिथेच माती होते. चांगल्या अहवालात प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक उत्तर असतं: आज जमेल, अटीसह जमेल, जमणार नाही. ‘अटीसह’ लिहिलं तर अट सांगायची. ‘फक्त दिवसा’, ‘सोबत दुसरं जहाज असेल तर’, ‘हेलिकॉप्टर नसेल तर नाही’. आणि ‘नाही’ लिहिलं तर काय मिळाल्यावर किती दिवसांत ‘हो’ होईल तेही लिहायचं. ‘चार दिवस समुद्र आणि एक लक्ष्यनौका द्या’ असं वाचलं की वरच्या माणसाला काहीतरी ठरवता येतं. ‘७२ टक्के’ वाचून त्याने काय ठरवायचं? लाल-पिवळा-हिरवा असे रंग लावायला हरकत नाही, पण माझा अनुभव असा की पिवळा रंग ही लपायची जागा होते. लाल लिहिलं तर फोन येतो, हिरवं लिहिलं तर धाकधूक राहते, म्हणून सगळे पिवळ्यात.

फोन येतो म्हणजे काय ते सांगतो. एका कॅप्टनने रात्रीच्या तोफमाऱ्यापुढे ‘जमणार नाही’ असं स्वच्छ लिहिलं होतं. खरं होतं, मी पाहिलं होतं. वरून विचारणा आली ती ‘काय हवंय?’ अशी नाही, ‘आत्ताच का लिहिलंत?’ अशी. पुढच्या तिमाहीत त्याच ताफ्यातल्या इतर जहाजांचे कागद मी वाचले तेव्हा रात्रीच्या तोफमाऱ्यात एकही लाल नव्हता. सराव मात्र वाढलेले नव्हते. कोण चुकलं याची चिरफाड मी करणार नाही, सगळे आपापल्या दडपणात होते. पण तुम्ही संख्याशास्त्राचे आहात, तेव्हा हे तुमच्या कामाचं आहे: आकडेवारीत एखादा रकाना अचानक सुधारला आणि त्यामागचे सरावाचे दिवस, दारूगोळा, इंधन तेवढेच राहिले, तर सुधारणा सज्जतेत झालेली नसते, लिहिण्यात झालेली असते. अहवालातला गुण आणि त्यामागचा खर्च यांची जोडी लावून बघणं हा एक चांगला प्रकल्प होईल. निर्देशांकापेक्षा चांगला.

विदा कुठून आणायचा? आपल्या नौदलाचा मिळणार नाही आणि मिळूही नये. अमेरिकी लेखापरीक्षण कार्यालयाचे अहवाल आणि त्यांच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा मॅक्केनवरचा अहवाल खुले आहेत. पद्धत तपासायची असेल तर मात्र समुद्राकडे जायचीही गरज नाही. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही (पूर्वीचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय तिच्यात विलीन झालं). तिथल्या लोकांशी बोला. टोळी, मुदत, परीक्षक हे तिन्ही प्रश्न त्यांच्या कामात जसेच्या तसे आहेत आणि त्यांच्याकडे गुप्ततेची एवढी अडचण नाही.

मी स्वतः गेल्या वर्षी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मॉक ड्रिल बघायला गेलो होतो. भोंगा अकराला वाजणार हे गेटवरच्या पोराला सुद्धा ठाऊक. पावणेअकरालाच लोक मोबाईल, डबे, चहाचे कप घेऊन मैदानाच्या कडेला उभे. भोंगा वाजला, सगळे चार पावलं पुढे आले, हजेरी झाली. अहवालात ‘उपस्थिती १०० टक्के, स्थलांतराचा वेळ दोन मिनिटं’. मी हायड्रंटचा व्हॉल्व्ह फिरवून बघतो म्हटलं तर चाकच जाम. तेलाचा डबा आणायला जो गेला तो आलाच नाही.

त्यांनी यंदा परत बोलावलंय. या वेळी तारीख फक्त मालकाला आणि मला माहीत असेल, आणि सुरक्षा अधिकाऱ्याला मी भोंग्याबरोबर ‘जखमी’ करणार आहे. यायचं असेल तर इथेच खाली लिहा, मालकांना विचारून सांगतो. घड्याळ दोन लागतील, एक माझ्याकडे आहे.